बायपासच्या आगेमागे अमिनो आम्लांची तपासणी: घरी येऊन रक्त घेणाऱ्या एका लॅबच्या सेवेबद्दल

माझ्या यजमानांची बायपास शस्त्रक्रिया यंदा मार्चअखेरीस कोल्हापुरातच झाली. त्या निमित्ताने एका खासगी लॅबचे पॅकेज आम्ही घेतले होते. घरी येऊन तीन वेळा रक्त घ्यायचे आणि त्यातील अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांचे, प्रमाण मोजून द्यायचे, अशी ती सेवा होती: एकदा शस्त्रक्रियेपूर्वी, एकदा रुग्ण घरी आल्यावर आणि एकदा सहा आठवड्यांनी. तिन्हींचे मिळून नऊ हजार सहाशे रुपये पडले. लॅबचे नाव मी देत नाही, कारण ज्या त्रुटी सांगायच्या आहेत त्या एकाच लॅबपुरत्या असतील असे मला वाटत नाही. प्रत्यक्ष मोजमापाच्या कामाला मी पाचपैकी चार गुण देईन, नमुना घेण्याच्या आणि नेण्याच्या कामाला दोन, आणि रिपोर्टासोबत येणाऱ्या सल्ल्याच्या पानाला एकही देणार नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मी निवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. अमिनो आम्ले वेगळी करून मोजण्याचा प्रयोग वर्गात कागदावर, निनहायड्रिनचा फवारा मारून, कित्येक वर्षे करून घेतला. कागद तापवला की जांभळे ठिपके उमटतात आणि प्रोलिनचा तेवढा पिवळा येतो, हे पाहून मुले हरखत. त्यामुळे ही तपासणी आता घरबसल्या होते हे कळल्यावर मला कुतूहल वाटले, हे मान्य केले पाहिजे. यजमानांचे म्हणणे सरळ होते. "अगं, रक्तात काय कमी आहे ते एकदा कळू दे, म्हणजे तेवढं आणून खाता येईल." बहुतेक लोक याच अपेक्षेने ही तपासणी करून घेत असणार. लॅबच्या माहितीपत्रकातही तोच सूर होता: हृदयाच्या शस्त्रक्रियेत अमिनो आम्ले घटतात, ती मोजा आणि भरून काढा. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. शेवटचे मात्र रुग्णाला धोक्यात घालू शकते.

पहिला नमुना शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी घेतला गेला आणि ते काम उत्तम झाले. आदल्या दिवशी दुपारीच फोन आला. रात्रीच्या जेवणानंतर दहा तास पाण्याखेरीज काही घेऊ नये, मधुमेह असल्यास सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर न्याहारीबरोबर घ्यावी आणि साखर उतरल्यासारखी वाटली तर उपास तत्काळ मोडावा, असे त्या बाईंनी नीट समजावून सांगितले. उपाशीपोटी रक्त द्यायला सांगतात त्याला कारण आहे. जेवणानंतर काही तास ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही आम्ले रक्तात बरीच वाढलेली असतात, आणि मग आकडा शरीराचा की रात्रीच्या आमटीचा, हे सांगता येत नाही. सकाळी आलेल्या तंत्रज्ञ मुलीने हिरव्या टोपणाची, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन असलेली नळी वापरली. दंडाचा पट्टा सुई शिरताच सैल केला, नळी हलक्या हाताने आठदहा वेळा उलटसुलट केली आणि बर्फाच्या पाकिटांनी भरलेल्या डब्यात उभी ठेवली. अर्ध्या तासात त्यांच्या केंद्रावर ती यंत्रात फिरवून वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविरहित द्रव, वेगळा करून गोठवला जाईल आणि गोठलेल्या अवस्थेतच मुंबईच्या मुख्य लॅबला जाईल, हेही तिने विचारल्यावर सांगितले. जिला आपल्या कामातले 'का' ठाऊक आहे अशी व्यक्ती घरी आली की रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताणही उतरतो. तो उतरलेला मी पाहिला.

पहिला रिपोर्ट पाच दिवसांनी, म्हणजे यजमान अतिदक्षता विभागात असताना मिळाला. त्यात विशेष काही नव्हते. ग्लुटामिन ५७० मायक्रोमोल प्रति लिटर, आर्जिनीन ७२, बाकी सारे त्या लॅबने दिलेल्या मर्यादांच्या आत.

शस्त्रक्रियेत या आम्लांचे काय होते, हे समजून घेतल्याखेरीज दुसऱ्या रिपोर्टाची गोष्ट कळणार नाही. यजमानांचे हृदय थांबवून, हृदय-फुप्फुस यंत्रावर रक्ताभिसरण चालवून तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालणाऱ्या नव्या वाहिन्या) बसवले गेले. हे यंत्र माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरले ते जॉन गिबन यांनी, फिलाडेल्फियात, ६ मे १९५३ रोजी. (आपल्याकडे यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर होणाऱ्या बायपासही पुष्कळ आहेत. तिथे पुढच्यातले काही परिणाम कमी होतात.) यंत्राच्या नळ्या आधी लिटर-दीड लिटर द्रवाने भरून घ्याव्या लागतात आणि तो द्रव रुग्णाच्या रक्तात मिसळतो, म्हणून सुरुवातीची घट निव्वळ पातळ झाल्यामुळे असते. त्यानंतर शरीराचा स्वतःचा प्रतिसाद सुरू होतो. कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते, स्नायूंतली प्रथिने मोडू लागतात, सुटी झालेली अमिनो आम्ले यकृत उचलून घेते आणि त्यांतून फायब्रिनोजेन, सीआरपी अशी दाहाच्या काळात लागणारी प्रथिने घडवते. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी इन्सुलिनची ड्रिप चालू असेल तर ल्युसिनच्या गटातली तिन्ही आम्ले आणखी खाली जातात. फिनाइलअ‍ॅलनिन मात्र उलटे वागते. दाहाच्या अवस्थेत त्याचे टायरोसिनमध्ये होणारे रूपांतर मंदावते, म्हणून ते वाढते आणि त्या दोघांचे गुणोत्तर बिघडते.

आर्जिनीनची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सर्वांत लक्षणीय वाटते. याच आम्लापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवते. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चे नोबेल मिळाले. यंत्राच्या पंपातून आणि सक्शनमधून जाताना काही तांबड्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन सुटे होऊन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, आणि त्याच पेशींत असणारे आर्जिनेज हे विकर बाहेर पडून आर्जिनीनचे ऑर्निथीन आणि युरियात विघटन करते. म्हणजे तयार झालेला वायूही जातो आणि तो बनवण्याचा कच्चा मालही घटतो. जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांमध्ये सिट्रुलिन (ज्यापासून शरीर आर्जिनीन बनवते ते आम्ल) आणि आर्जिनीन यांची ही घट अभ्यासली गेली आहे, कारण त्यांच्यात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका मोठा असतो. आता यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: पेशी फुटल्या की आर्जिनीन उतरते आणि ऑर्निथीन चढते.

दुसरा नमुना शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी, घरी आल्याला दोन दिवस झाले असताना घ्यायचा होता. या वेळी उपासाची सूचना रात्री सव्वादहाला संदेशाने आली. सुदैवाने यजमान लवकर जेवतात. सकाळी वेगळाच मुलगा आला. "काकू, लवकर करूया, अजून सहा घरं आहेत," हे त्याचे पहिले वाक्य. रुग्णालयात आठवडाभर सुया टोचून यजमानांच्या हातांच्या शिरा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. कोपराशी शीर मिळेना, तेव्हा त्याने मनगटाच्या मागच्या बारीक शिरेत सर्वांत बारीक सुई घातली आणि सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला. दंडाचा पट्टा तीन मिनिटे तरी आवळलेला होता, मी घड्याळ पाहत होते. सिरिंजमधले रक्त त्याने सुईवाटेच, दाब देऊन नळीत सोडले, नळी औषधाची बाटली हलवावी तशी खळखळ हलवली आणि कापडी पिशवीत टाकली. बर्फाचा डबा नव्हता. मी विचारले तर म्हणाला, "लागत नाही काकू, थेट सेंटरला जातोय." सहा घरे बाकी होती आणि एप्रिलचे ऊन सकाळी आठलाच चढलेले होते.

मी तेव्हाच तो नमुना परत मागायला हवा होता. पण उरोस्थीला तारा घातलेला, खोकतानाही छातीशी उशी धरणारा माणूस समोर बसलेला असताना त्याला पुन्हा टोचा, असे माझ्या तोंडून निघाले नाही. त्या मुलाचा मला राग नाही. ही तपासणी साखरेच्या तपासणीसारखी नाही, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि हा दोष त्याला कामावर पाठवणाऱ्यांचा आहे.

चार दिवसांनी रिपोर्ट आला तो लाल बाणांनी भरलेला. आर्जिनीन २१, ऑर्निथीन १७४, ग्लुटामेट १९५, अ‍ॅस्पार्टेट ३८, ग्लुटामिन ३४०. सिस्टिन नगण्य. यजमान तो कागद हातात घेऊन गप्प बसून राहिले. हृदय आत्ताच कापून शिवलेल्या माणसाला पंधरा लाल बाण दाखवणे म्हणजे काय, हे रिपोर्टाचा आराखडा ठरवणाऱ्यांनी एकदा समोर बसून पाहावे.

मला तो कागद वाचताना दुसरीच गोष्ट दिसत होती. आर्जिनीन खाली, ऑर्निथीन वर: ही तर फुटलेल्या पेशींची खूण. पण यंत्राने फोडलेल्या पेशींचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरायला हवा, नवव्या दिवशी तो इतका ठळक कसा राहील? अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट पेशींच्या आत भरपूर असतात, प्लाझ्मात थोडे. ते एकदम इतके चढले याचा अर्थ पेशी नळीतच फुटल्या. ग्लुटामिन घटून ग्लुटामेट वाढणे ही नमुना उबेत ताटकळल्याची नेहमीची खूण, आणि सिस्टिन नगण्य येणे हीसुद्धा तीच, कारण प्लाझ्मातली प्रथिने वेळेवर काढून टाकली नाहीत तर ते त्यांना चिकटून बसते. थोडक्यात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पंपाने जे केले तेच आमच्या घरी सुईने, खळखळीने आणि उन्हाने केले, आणि त्या दोन्हींचा ठसा कागदावर सारखाच उमटतो. ज्याला हे ठाऊक नाही तो डॉक्टरसुद्धा हा रिपोर्ट पाहून शस्त्रक्रियेचाच परिणाम म्हणेल. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत ही तपासणी करणाऱ्या लॅबने नमुना हाताळताना दुप्पट काळजी का घ्यावी, याचे कारण हे आहे.

लॅबच्या मदतक्रमांकावर पहिल्या दोन वेळा काही निष्पन्न झाले नाही. "मॅडम, मशीनचा रिपोर्ट आहे, चुकत नाही," असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी मी लेखी तक्रार केली आणि त्यात एकच प्रश्न विचारला: प्लाझ्मा आला तेव्हा त्याचा रंग कसा होता? त्याच संध्याकाळी मुंबईहून त्यांच्या जीवरसायन विभागाच्या प्रमुखांचा स्वतः फोन आला. नोंद तपासून त्यांनी सांगितले की प्लाझ्मा गुलाबी होता, म्हणजे फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन त्यात उतरले होते, केंद्राने तशी नोंदही केली होती, पण ती रिपोर्टावर छापली जात नाही. नमुना नाकारायला हवा होता, हे त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता मान्य केले, पैसे न घेता पुन्हा नमुना घेण्याची व्यवस्था केली आणि पहिल्या वेळी आलेल्या मुलीलाच पाठवले. या वागणुकीबद्दल मला त्या लॅबविषयी आदर वाटतो. चूक कबूल करणारा माणूस त्या खुर्चीत आहे, म्हणूनच मी मोजमापाला चार गुण दिले.

फेरतपासणीचे आकडे असे आले: आर्जिनीन ५८, ऑर्निथीन ८१, ग्लुटामेट ६२, ग्लुटामिन ४४०, फिनाइलअ‍ॅलनिन ९२, टायरोसिन ५४. ग्लुटामिन पूर्वीपेक्षा कमी आणि फिनाइलअ‍ॅलनिन थोडे चढे, म्हणजे दाह अजून पुरता निवळलेला नाही, स्नायू अजून खर्च होत आहेत. मोठी शस्त्रक्रिया होऊन दोन आठवडे होत आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाचे रक्त असेच असायचे. आर्जिनीनचे दुर्भिक्ष कुठेच नव्हते.

आता त्या सल्ल्याच्या पानाकडे येते. दुसऱ्या नमुन्याच्या त्या चुकीच्या रिपोर्टाला जोडून संगणकाने तयार केलेले एक पान होते. 'आपले आर्जिनीन कमी आहे, हृदयाच्या आरोग्यासाठी रोज इतके ग्रॅम घ्यावे. आपले ग्लुटामिन कमी आहे, स्नायूंसाठी रोज इतके ग्रॅम घ्यावे,' आणि खाली त्या दोन्ही पावडरी मागवण्याची सोय. यजमानांनी मुलाला फोन करून डबे मागवायला सांगितलेसुद्धा होते. मी "अहो, थांबा जरा," म्हटले नसते तर ते घरी आले असते.

हृदयाच्या रुग्णाला आर्जिनीन देऊन पाहिले गेले आहे. अमेरिकेत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर हा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दिवसातून तीनदा तीन-तीन ग्रॅम आर्जिनीन आणि निम्म्यांना बिनऔषधी पावडर अशी सहा महिने द्यायची होती. आर्जिनीनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हृदयाचे कार्यही सुधारले नाही. झटका आणि बायपास या गोष्टी एक नाहीत, हे खरे. परंतु बायपास करून घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आधी झटका येऊन गेलेला असतो. माझ्या यजमानांनाही जानेवारीत आला होता. अशा माणसाच्या घरी, त्याच्या डॉक्टरांना न विचारता, संगणकाने बाण पाहून आर्जिनीनचा डबा पाठवावा ही गोष्ट मी कोणत्याही कारणाने समर्थनीय मानू शकत नाही.

ग्लुटामिनची कहाणीही सावध करणारी आहे. आजारपणात ते घटते म्हणून ते द्यावे, हा विचार कितीतरी वर्षे सर्वांना पटलेला होता, मीही वर्गात तसेच शिकवले. पुढे अवयव निकामी होत असलेल्या अतिदक्षता विभागातील १२२३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३मध्ये आले, आणि ग्लुटामिन मिळालेल्या गटात सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यू जास्त आढळले. ज्यांचे रक्त तपासले गेले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत ग्लुटामिन मुळात कमी नव्हतेच. घरी परतलेला बायपासचा रुग्ण इतका अत्यवस्थ नसतो, म्हणून हा निकाल त्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण 'कमी दिसते, तर द्या' हे गणित मोडले आहे, एवढे त्यावरून नक्की कळते.

माहितीपत्रकात एका नव्या संशोधनाचाही हवाला होता की हृदयाच्या शस्त्रक्रियेत अमिनो आम्ले दिल्याने मूत्रपिंडे वाचतात. हे संशोधन खरे आणि महत्त्वाचे आहे. इटलीतील संशोधकांच्या नेतृत्वाखाली तीन देशांतील २२ रुग्णालयांत ३५११ रुग्णांवर ते झाले आणि जून २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय-फुप्फुस यंत्रावर शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांना अमिनो आम्लांचे मिश्रण शिरेतून, आदर्श वजनाच्या दर किलोला दिवसाला दोन ग्रॅम या हिशोबाने, कमाल शंभर ग्रॅमपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन दिवस दिले गेले. मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्याचे प्रमाण ३१.७ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले. डायलिसिसची गरज किंवा तीस दिवसांतील मृत्यू यांत फरक पडला नाही. प्रथिनांचा भार आला की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणि गाळण वाढते, या जुन्या शारीरिक सत्याचा येथे सुंदर उपयोग केला आहे. परंतु त्या रुग्णांची निवड रक्तातील पातळी मोजून केलेली नव्हती, आणि घरी परतल्यावर पाण्यात घोळून घ्यायच्या पावडरीशी त्या शिरेतून दिलेल्या मिश्रणाचा काहीही संबंध नाही. हा अभ्यास पुढे करून घरगुती तपासणी विकणे म्हणजे वाचकाच्या अज्ञानाचा फायदा घेणे होय.

रक्तातला आकडा आणि शरीरातला साठा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यजमानांना समजावताना मला आमच्या सीबीएस स्टँडचे उदाहरण सुचले. स्टँडवर या घडीला किती एसटी उभ्या आहेत ते मोजून महामंडळाकडे गाड्या किती आहेत हे सांगता येत नाही. कमी उभ्या असतील तर गाड्या कमी असतील, किंवा सगळ्या रस्त्यावर कामाला लागलेल्या असतील. शरीरात जवळपास दहा किलो प्रथिने असतात, रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम मोडली आणि पुन्हा बांधली जातात, आणि प्लाझ्मात कोणत्याही क्षणी सुट्या अमिनो आम्लांचे सगळे मिळून वजन दोन ग्रॅमही भरत नाही. जखम भरणाऱ्या माणसाच्या रक्तात ती कमी दिसतात ती बहुधा कामावर गेलेली असतात.

आम्ही पावडरी आणल्या नाहीत. रुग्णालयातील आहारतज्ज्ञांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा, ठीक असल्याची खात्री करून, वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगितली. निरोगी प्रौढासाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२०ची शिफारस ०.८३ ग्रॅमची आहे, त्यामुळे हे बरेच जास्त होते आणि चौसष्ट किलोच्या माणसाने दिवसाला ऐंशी ग्रॅमच्या वर जाणे सोपे नव्हते, विशेषतः तोंडाची चव गेलेली असताना. पहिले काही दिवस मेतकूट-भात आणि मुगाचे कढण यांपलीकडे काही उतरत नव्हते. मग हळूहळू दोन वेळा घट्ट वरण, सकाळी दोन अंडी, दुपारी घरी लावलेले दही, संध्याकाळी वाटीभर पनीर असे वाढवत नेले. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम कच्च्या मूगडाळीतून चोवीसच्या आसपास. ज्वारी-तांदळात लायसिन कमी पडते आणि डाळींत मेथिओनिन, म्हणून भाकरी-आमटी आणि वरण-भात या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. या वेळी ताट वाढताना ते प्रत्यक्ष केले. आणि प्रथिने नुसती खाऊन स्नायूंत जात नाहीत, त्यांना हालचाल लागते, म्हणून दारापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आणि परत, हे चालणे रोज वाढत गेले.

तिसरा नमुना सहाव्या आठवड्यात, बर्फाच्या डब्यासह नीट घेतला गेला. ग्लुटामिन ५५५, फिनाइलअ‍ॅलनिन ६१, आर्जिनीन ७०. सारे शस्त्रक्रियेपूर्वीच्या जागी आले होते. त्या रिपोर्टाने आम्हाला समाधान दिले, पण आमचा एकही निर्णय त्याने बदलला नाही. सीआरपी, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन या साध्या तपासण्या डॉक्टरांनी केल्याच होत्या, त्यांवरून औषधे बदलली गेली, आणि त्यांचा एकूण खर्च या पॅकेजच्या कितीतरी खाली होता. त्यामुळे बायपास झालेल्या सर्वसाधारण रुग्णाने ही तपासणी स्वतःहून करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवजात बालकांतील चयापचयाच्या आनुवंशिक विकारांसाठी हीच तपासणी जीव वाचवते. तिथे तिची खरी जागा आहे, आणि तिथे नमुना असा उन्हात फिरला तर काय होईल या विचाराने मी अस्वस्थ होते.

ज्यांच्या डॉक्टरांनी काही खास कारणाने ही तपासणी सांगितली असेल त्यांनी लॅब ठरवण्यापूर्वी विचारावे की प्लाझ्मा किती वेळात वेगळा होतो, तो गोठवून जातो का, आणि गुलाबी नमुना नाकारतात की मोजून टाकतात. लॅबचा अर्ज काय विचारतो तेही पाहावे. आमच्या अर्जात वय, वजन आणि 'हृदय शस्त्रक्रिया: होय / नाही' एवढेच होते. यंत्रावर झाली की यंत्राशिवाय, शिरेतून पोषण चालू आहे का, हृदय थांबवण्यासाठी कोणता द्रव वापरला, यांपैकी काहीही नाही. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण अशा द्रवांपैकी एका प्रसिद्ध द्रवात हिस्टिडिन लिटरला १९८ मिलिमोल इतके, म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या प्रमाणाच्या हजारो पट असते, आणि त्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात हिस्टिडिन गगनाला भिडलेले दिसले तर तो आजार नव्हे.

हे सारे मी त्या विभागप्रमुखांना लेखी कळवले आहे. बर्फाच्या डब्याशिवाय कोणालाही पाठवायचे नाही असा नियम त्यांनी कोल्हापूर केंद्राला लावल्याचे आणि प्लाझ्माच्या रंगाची नोंद रिपोर्टावर छापण्याचे काम सुरू केल्याचे त्यांचे उत्तर आले. सल्ल्याचे पान आणि त्याखालची पावडरींची मागणी आपल्या विभागाच्या हातात नाही, ते विक्री विभाग पाहतो, असेही त्यांनी लिहिले. विक्री विभागाला मी दोन पत्रे पाठवली आहेत, पहिल्याबरोबर त्या १५३ रुग्णांच्या अभ्यासाची प्रतही जोडली होती. उत्तर अजून आलेले नाही. ते पान आजही रिपोर्टाबरोबर जाते.